मलावीतलं खेड्यातलं चर्च स्वतःच्या पायावर: शेती, गिरणी, कोंबड्या (हिशेबासकट चर्चा हवी)

शेवगा (धागाकर्ती)

दक्षिण मलावी, फालोम्बे-मुलांजे पट्टा. प्रेस्बिटेरियन मंडळी (म्हणजे चर्चचे सभासद), १२० कुटुंबं. मुख्य चर्च एक, लांबच्या वस्त्यांवर चार प्रार्थनाघरं. पाळकांचा पगार, छपराची डागडुजी आणि मोटरसायकलचं पेट्रोल यातलं अर्ध्याहून जास्त बाहेरच्या देणगीवर चालतं. ती देणगी तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने थांबणार आहे.

मंडळीच्या वडिलांपुढे (एल्डर्स, म्हणजे कारभार बघणारे ज्येष्ठ) तीन प्रस्ताव आहेत: चर्चच्या दोन हेक्टरवर सामुदायिक मका, हॅमर मिल (हातोड्यांची पिठाची गिरणी), किंवा अंड्यांच्या २०० कोंबड्या. भांडवल एकदाच मिळणार आणि ते एकाच गोष्टीला पुरेल. प्रवचन नको, आकडे द्या.

खतावणी

पहिली गोष्ट, क्वाचात, म्हणजे तिथल्या चलनात, हिशेब करू नका. तिथल्या रिझर्व्ह बँकेने मे २०२२ मध्ये २५ टक्के आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ४४ टक्के अवमूल्यन एका झटक्यात केलं. तीन वर्षांचं अंदाजपत्रक क्वाचात मांडलं तर पहिल्याच वर्षी फाडून टाकावं लागेल. सगळं ५० किलोच्या मक्याच्या पोत्यात मांडा.

समजा चर्चचा वर्षाचा खर्च १५० पोती. १२० घरांत वाटला की घरटी सव्वा पोतं. ऐकायला किरकोळ वाटतं. आता घराकडे बघा. जमीन ०.६ हेक्टर आणि उत्पन्न हेक्टरी दीड टन धरलं तर ९०० किलो, म्हणजे १८ पोती. मलावीत माणशी वर्षाला साधारण २७० किलो मका धरतात. पाच माणसांना १,३५० किलो म्हणजे २७ पोती लागतात. घर मुळातच नऊ पोत्यांनी तुटीत आहे आणि त्याच्याकडून दशमांश मागायचा आहे.

म्हणून तिन्ही प्रस्तावांना माझा एकच प्रश्न: यातून घरात काय येतं? घर तुटीत राहिलं तर चर्चचा धंदा कितीही चालो, पेटी रिकामीच राहणार.

तिफण

खतावणींना दुजोरा. सामुदायिक मक्याचं गणित करून दाखवतो.

तिथली शिफारस हेक्टरी ९२ किलो नत्र: २३:२१:० + ४ गंधक या खताची दोन पोती आणि युरियाची तीन. दोन हेक्टरला एकूण दहा पोती. विनाअनुदान खताच्या एका पोत्याला सुगीच्या भावाने मक्याची तीन पोती मोडावी लागतात असं धरलं, तर ३० पोती खतातच गेली. संकरित बी हेक्टरी २५ किलो, ते वेगळं.

इतकं खत घातल्यावर कागदावर हेक्टरी अडीच-तीन टन दिसतात. चर्चच्या शेतात दीड निघतो, आणि त्याचं कारण माती नाही. पहिला पाऊस नोव्हेंबरअखेर येतो आणि त्या एका आठवड्यात सगळ्यांनाच आपापल्या वरंब्यांवर पेरायचं असतं. चर्चच्या शेताची पाळी दहा-पंधरा दिवसांनी येते. पेरणी लांबली की मका दिवसागणिक घटतो. पहिली खुरपणी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात व्हायला हवी, तेव्हाही तेच. जानेवारी-फेब्रुवारीत घरातलं धान्य संपलेलं असतं, माणसं दुसऱ्याच्या शेतात ‘गान्यू’ला म्हणजे रोजंदारीला जातात. उपाशी माणसाला चर्चच्या शेतात फुकट खुरपायला बोलावणार कोण?

दोन हेक्टर गुणिले दीड टन म्हणजे ६० पोती. खत ३०, बी आणि शेवटी मजूर लावून केलेली खुरपणी मिळून दहा-पंधरा. हातात पंधरा-वीस पोती. गरज दीडशेची.

पट्टा

मग गिरणी का नको? पीठ रोज लागतंच की.

तिफण

पट्टाभाऊ, गिरणीचं तुम्हीच सविस्तर लिहा, तुमचा विषय आहे. त्याआधी शेताला पर्याय सांगतो.

चर्चचं वेगळं शेत काढूच नका. प्रत्येक घराने स्वतःच्या शेतात आठ वरंबे, प्रत्येकी २५ मीटर, चर्चच्या नावाने ठेवायचे. वरंब्यांतलं अंतर ७५ सेंमी, म्हणजे क्षेत्र १५० चौरस मीटर, घराच्या जमिनीच्या अडीच टक्के. १२० घरांचं मिळून १.८ हेक्टर. जवळपास चर्चच्या शेताइतकंच, पण खुरपणी वेळेवर होते, कारण शेजारच्या वरंब्यावर घरचंच पीक उभं असतं.

या वरंब्यांवर मका लावायचा नाही. भुईमूग आणि तूर एकत्र लावायची. दोन्ही शेंगावर्गीय, रासायनिक नत्र लागत नाही. पुढच्या वर्षी ते आठ वरंबे मक्याकडे फिरवले की मक्याला फायदा, तो घराचा.

बी: भुईमूग हेक्टरी ९० किलो धरा, म्हणजे घरटी १.३५ किलो. तूर हेक्टरी ७ किलो, घरटी १०० ग्रॅम. मंडळीसाठी एकूण १६२ किलो दाणे आणि १३ किलोच्या आत तूर. तुमच्या भांडवलातला हा पहिला खर्च.

उत्पन्न हात राखून धरतो. सोललेले दाणे हेक्टरी ८०० किलो, तूर ५०० किलो. १.८ हेक्टरचे १,४४० किलो दाणे आणि ९०० किलो तूर. दाण्याचा भाव मक्याच्या अडीच पट आणि तुरीचा दीड पट धरला तर ७२ अधिक २७, म्हणजे ९९ पोती. उरलेली ५१ रविवारच्या अर्पणातून काढणं शक्य आहे. भावाचे पट स्थानिक बाजारात तपासून आकडे बदला, पद्धत तीच राहील.

हरभरेश्वर

तूर वाढते सात-आठ महिने. भुईमुगावर सावली नाही पडत?

तुरीचं टरफल

नाही पडत, त्यातच या जोडीची गंमत आहे. तूर पहिले दोन-अडीच महिने रांगतच असते. भुईमूग एप्रिल-मेमध्ये निघाला की मग ती उरलेल्या ओलीवर पसरते. काढणी जातीप्रमाणे जुलै ते सप्टेंबर.

लागवड: भुईमुगाची नेहमीची दाटी तशीच ठेवायची आणि त्याच वरंब्यावर दर ९० सेंमीला तुरीचा एक ठोंबा, त्यात तीन रोपं. हेक्टरी १४,८०० ठोंबे, ४४,४०० रोपं होतात. चार दाणे टाकून एक उपटा. दोन्ही पिकांची पेरणी एकाच वेळी. तूर मागाहून लावली तर भुईमूग तिला वर येऊ देत नाही.

जात: मर रोग आपल्या विदर्भ-मराठवाड्यातला तोच, फ्युजेरियम बुरशीचा. जुन्या गावठी बियाण्यात एक-एक ठोंबा वाळत जातो. आयसीईएपी ०००४० ही उशिराची मर-प्रतिकारक जात तिथे मान्यताप्राप्त आहे. ज्या भागात पाऊस लवकर संपतो तिथे मध्यम कालावधीची ००५५७ घ्या.

आता जे खरं बुडवतं ते. मका निघाला की मलावीत शेळ्या मोकळ्या सोडतात. जूनपासून शिवारात हिरवं फक्त तुरीचं झाड असतं. मध्य आणि उत्तर मलावीत तूर न रुजण्याचं एक मोठं कारण हेच. दक्षिणेत तूर सगळेच लावतात म्हणून शेळ्या बांधण्याची रीत काही गावांत आहे, पण प्रत्येक गावात नाही. पेरणीआधी गावप्रमुखाकडून तुरीच्या काढणीपर्यंत शेळ्या बांधण्याचा ठराव दंडासकट करून घ्या. ठराव फक्त चर्चच्या सभासदांना लागू असेल तर उपयोग नाही, शेळी कुणाचीही असते.

आणि गिऱ्हाईक कोण? आपणच. आफ्रिकेतली बरीच तूर भारतात येते. ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली, तेव्हा मलावी, मोझांबिक, टांझानियात भाव कोसळले. मे २०२१ मध्ये आयात पुन्हा खुली झाली. त्याच वर्षी मलावीशी वर्षाला ५० हजार टनांचा पाच वर्षांचा करार झाला. आपल्याकडे डाळ महागली की शेतकरी खूश, ग्राहक नाराज आणि सरकार आयातीच्या दारावर उभं. ते दार फालोम्बेच्या शेतकऱ्याला दिसतही नाही. म्हणून चर्चचं उत्पन्न फक्त तुरीवर टांगू नका. २७ पोती बुडाली तरी ७२ उरतात, हे प्रमाण बरोबर आहे.

खतावणी

मोठा व्यापारी नमुना बघूनच भाव सांगतो. १२० घरांची तूर १२० पिशव्यांत आली तर गावातल्या दलालाचा भाव मिळेल. काढणीनंतर एकच वजनाचा दिवस ठरवा. चाळून, खडे काढून, एका ठिकाणी किमान ९०० किलोचा ढीग असू द्या. लटकता काटा चर्चचा स्वतःचा हवा. दलालाच्या काट्यावर कुणीही बोलू नये, आपला काटा शेजारी टांगावा.

दप्तर

शेवगाताईंनी प्रवचन नको म्हटलंय म्हणून इतिहास थोडक्यात. त्याच भागात जोसेफ बूथ या मिशनऱ्याने १८९२ मध्ये झाम्बेझी इंडस्ट्रियल मिशन काढलं. कल्पना हीच की कॉफी लावून मिशनचा खर्च भागवायचा. पुढे न्यासालँडची, म्हणजे आजच्या मलावीची, कॉफीच कोसळली. बूथच्या हाताखाली तयार झालेल्या जॉन चिलेम्ब्वेने १९०० मध्ये चिराझुलूत प्रॉव्हिडन्स इंडस्ट्रियल मिशन उभारलं, तेही आफ्रिकी लोकांच्या हातात. तिथेही कॉफी आणि कापूस होतेच.

आपला महाराष्ट्रही या गोष्टीला खरोखर जोडलेला आहे. मंडळीने स्वतःचा खर्च स्वतः उचलावा हा आग्रह धरणारे अमेरिकन मिशन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ च्या दौऱ्यात अमेरिकन मराठी मिशनच्या कामाची पाहणी करायला अहमदनगरलाही आले होते. १९७१ मध्ये केनियाच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे जॉन गाटू यांनी उलट बाजूने तेच म्हटलं: परदेशी माणसं आणि पैसा काही काळ थांबवा. तुमच्या देणगीदारांनी तीन वर्षांची मुदत दिली आहे. गाटू यांनी तेवढीही दिली नसती.

पट्टा

गिरणीचं लिहितो.

मलावीत गिरणीला चिगायो म्हणतात. नुसती हॅमर मिल चालत नाही. बायकांना पांढरं पीठ हवं असतं. त्यासाठी आधी सालं काढणारा हलर लागतो, मग मका भिजवून, सुकवून दळतात. सालासकट दळलेलं पीठ टंचाईत खातात. म्हणजे हलर, हॅमर मिल, इंजिन आणि शेड. बरीच इंजिनं राजकोटी लिस्टर पद्धतीची असतात, सुटे भाग मिळतात, ही जमेची बाजू.

आता गिऱ्हाईक. १२० घरं, आठवड्याला घरटी एक बादली म्हणजे १७ किलो धरा. आठवड्याचे दोन टन. ताशी २५० किलो दळणाऱ्या गिरणीला हे आठ तासांचं काम. उरलेले सहा दिवस इंजिन झाकून ठेवणार का? चारशे-पाचशे घरं टप्प्यात असतील आणि तीन किलोमीटरच्या आत दुसरी गिरणी नसेल तरच विचार करा.

शिवाय जानेवारी ते मार्च मका संपलेला असतो, दळण निम्म्यावर येतं. चर्चला रोकड नेमकी तेव्हाच हवी असते.

बिघाड ठरलेले असतात. ओला मका आला की चाळणी बुजते आणि इंजिनावर भार पडतो. खिळा गेला की चाळणी फाटते, म्हणून हॉपरमध्ये (दाणा ओतायच्या तोंडात) लोहचुंबक हवंच. हातोड्या झिजल्या की फिरवून दुसरी कड वापरायची. पण एकच हातोडी बदलली तर रोटरचा (हातोड्या बसवलेल्या फिरत्या भागाचा) तोल जातो आणि बेअरिंग खातं. समोरासमोरच्या जोडीने आणि सारख्या वजनाच्याच बदलायच्या. हे सगळं जमतं. इंजिनच्या मोठ्या दुरुस्तीसाठी दर तासामागे पैसे बाजूला ठेवणं जमत नाही. पहिली दोन वर्षं नफा दिसतो, तो पाळकांच्या पगारात जातो, तिसऱ्या वर्षी पिस्टन बसतो आणि गिरणीला कुलूप लागतं. देणगीही तुमच्याकडे तिसऱ्याच वर्षी संपतेय.

शेवगा

पट्टाभाऊ, आभार. चारशे घरं टप्प्यात नाहीत, गिरणी कटाप. कोंबड्यांचं कुणी सांगेल?

खुराडं

२०० अंड्यांच्या कोंबड्या म्हणजे रोज २४ किलो खाद्य, दर कोंबडीला १२० ग्रॅम. महिन्याला चौदा-पंधरा पोती. पिल्लं आणली तर पहिलं अंडं अठरा-वीस आठवड्यांनी, तोवर खाद्य खिशातून. एकूण खर्चात खाद्य ६५-७० टक्के. अवमूल्यन झालं की खाद्यात मिसळायचं, बाहेरून येणारं प्रीमिक्स महागतं, पण अंड्याचा भाव गावात त्याच दिवशी वाढत नाही. शहराला लागून असाल तर ठीक, फालोम्बेच्या खेड्यात नको.

करण्यासारखं वेगळंच आहे. प्रत्येक घरात पाच-सात गावठी कोंबड्या असतात आणि दर वर्षी ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या उन्हात त्या पटापट मरतात. तिथे ‘चितोपा’ म्हणतात. आपला राणीखेत. उत्तराखंडातलं राणीखेत या रोगामुळे आपल्याकडे अजरामर झालंय.

आय-२ नावाची लस उष्णता बऱ्यापैकी सोसते. ओल्या फडक्यात गुंडाळून सायकलवर वस्तीवर नेता येते, पण उन्हात ठेवायची नाही. डोळ्यात एक थेंब, पिल्लू असो की कोंबडा, मात्रा तीच. दर चार महिन्यांनी. प्रतिकारशक्ती यायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून ऑगस्टची साथ टाळायची तर जुलैत थेंब पडलाच पाहिजे. मार्च, जुलै, नोव्हेंबर हे वेळापत्रक बसतं. आजारी कोंबडीला देऊ नका. ती मरणारच असते आणि लोक म्हणतात लसीने मेली. पुढच्या खेपेला दार उघडत नाहीत.

प्रत्येक प्रार्थनाघरातून दोन माणसं शिकवा. कोंबडीमागे लहानशी फी घ्यायची. त्यातून लस आणि त्या माणसाची मजुरी निघाली पाहिजे. फुकट द्याल तर देणगीबरोबर लसही थांबेल. फी चर्चच्या पेटीत टाकायची नाही. चर्चचा फायदा असा की कोंबड्या जगल्या तर अर्पणात कोंबडी येते. टांझानियातल्या लुथरन चर्चमध्ये उपासनेनंतर अंगणात अंडी-कोंबड्या-केळ्यांचा लिलाव होतो. आपल्या सुगीच्या सणाचा लिलाव, पण दर रविवारी.

हरभरेश्वर

आपली कुरॉयलर जातीची कोंबडी युगांडात गेली होती ना? तीच द्या की.

खुराडं

गेली, २०१० च्या सुमारास. उकिरड्यावर चरून चांगली वाढते. पण पिल्लांचा सतत पुरवठा करणारी हॅचरी जवळ नसेल तर एका पिढीत संपते. मलावीत सरकारी ब्लॅक ऑस्ट्रालॉर्प जातीची कोंबडी मिळते, मिकोलोंग्वेची म्हणतात. आधी लस, मग जात. उलट केलं तर महागडी कोंबडी मरते इतकंच.

दाणेगाठ

भुईमुगावर ९९ पैकी ७२ पोती टांगलीत आणि अफ्लाटॉक्सिनचं, म्हणजे बुरशीच्या विषाचं, कुणी बोललंच नाही! बुरशी लागलेला दाणा व्यापारी परत करतो, आणि तो घरी खाल्ला तर यकृतावर जातो. २००४ मध्ये केनियात याच विषाने मक्यातून १२५ माणसं गेली.

बुरशी कुठे घुसते ते बघा. शेवटच्या महिन्यात पाण्याचा ताण पडला तर उभ्या पिकातच, म्हणून वेळेवर पेरणी. काढल्यावर शेंगा मातीवर पसरल्या तर तिथे. तिथली चांगली पद्धत म्हणजे वेलांचा गोल, आत पोकळ रचलेला ढीग, शेंगा आतल्या बाजूला, पाला बाहेर. हवा खेळते, ऊन थेट लागत नाही. त्याला मंडेला कॉक म्हणतात.

तिसरी जागा सगळ्यात वाईट. हाताने सोलताना बोटं सोलपटतात म्हणून बायका शेंगा पाण्यात भिजवून सोलतात. दाणा ओला झाला, पोत्यात गेला, संपलं. ‘भिजवू नका’ असं सांगून काही होत नाही. हाताने फिरवायचं सोलणी यंत्र द्या. भांडवलातून अशी दोन यंत्रं घ्या, वस्त्यांवर पाळीपाळीने फिरवा. चाळणीचं भोक जातीच्या दाण्याप्रमाणे निवडा. सीजी-७ जातीचा दाणा मध्यम असतो, जुन्या चालिंबाना जातीचा मोठा. एकाच चाळणीवर दोन्ही घातलं तर दाणा फुटतो आणि फुटक्यातच बुरशी जाते.

साठवणीला तीन थरांची हवाबंद पोती: आत पॉलिथिनचे दोन थर, बाहेर विणलेलं पोतं. आतला प्राणवायू कीड स्वतःच संपवते आणि मरते, औषध लागत नाही. तुरीच्या भुंगेऱ्याला हा रामबाण आहे. पण ओला माल भरला तर बुरशीला बंद खोलीच दिली. परीक्षा साधी: कोरड्या बाटलीत मूठभर कोरडं मीठ आणि धान्य घालून हलवा. मीठ काचेला चिकटलं तर माल अजून ओला.

तिफण

दाणेगाठ यांचा मुद्दा शंभर टक्के. हवाबंद पोत्यांचा दुसरा फायदा म्हणजे दाणे मेच्या पडत्या भावात न विकता सप्टेंबरनंतर विकता येतात.

लिलोंग्वेकर

एक गोष्ट राहिली. दक्षिण मलावीत लोम्वे, याओ, मांगांजा लोकांत जमीन आईकडून मुलीकडे जाते आणि नवरा बायकोच्या गावी राहायला येतो. वडिलांच्या बैठकीत पुरुषांनी आठ वरंब्यांचा ठराव केला तर तो दुसऱ्याच्या जमिनीवर केलेला ठराव असतो. हा प्रस्ताव आधी म्वानोत, म्हणजे ब्लँटायर सिनडच्या (तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या विभागाच्या) महिला मंडळात न्या. बी तिथूनच वाटा, वजनाचा दिवसही त्यांच्याच ताब्यात द्या.

खतावणी

बरोबर. पैशाचंही तिथेच जुळतं. म्वानोच्या बायकांची ‘बँक म्खोंडे’ बहुधा आधीच चालू असेल. आपल्या बचत गटासारखीच, पण बँकेशी जोडलेली नाही. पंधरा-पंचवीस जणी, पेटीला तीन कुलुपं, किल्ल्या तिघींकडे, पेटी चौथीकडे, वर्षाअखेर सगळं वाटून हिशेब शून्य. ही पद्धत केअर या संस्थेने १९९१ मध्ये नायजरमध्ये सुरू केली. दोन सूचना. वाटप डिसेंबरमध्ये ठेवतात ते ऑक्टोबरअखेर आणा, म्हणजे पैसा बी-खतात जाईल, नाताळच्या कपड्यांत नाही. आणि चर्चने त्या पेटीतून कधीही उसनं घ्यायचं नाही, पाळकांनी तर नाहीच. पाळकांना ‘नाही’ म्हणणारी बाई गावात सापडणार नाही.

पाळक खजिनदारही नकोत. बदली झाली की वही त्यांच्याबरोबर जाते. तुरी-भुईमुगाची वही वेगळी, सही करणारे तिघे, त्यातली एक म्वानोची. दर घराचं वजन उपासनेनंतर मोठ्याने वाचायचं. एकूण विक्रीतून पुढच्या वर्षाचं बी आधी बाजूला, मग पगार. प्रेस्बिटरीने, म्हणजे मंडळ्यांच्या वरच्या समितीने, उत्पन्न वाढलं म्हणून आपला वाटा वाढवू नये, हे पहिल्या पेरणीआधी लेखी घ्या.

शेवगा

म्हणजे भांडवलाची यादी अशी धरते: १६२ किलो दाणे बी, १३ किलो तूर, दोन सोलणी यंत्रं, लटकता काटा, १०० किलोची हवाबंद पोती २५, आणि पहिल्या फेरीची लस. बी उधार, काढणीला दुप्पट परत. काही राहिलं?

तुरीचं टरफल

दुप्पट परतीतून पुढच्या वर्षी ३२४ किलो दाणे जमतील. लागणार १६२. उरलेलं बी शेजारच्या मंडळीला त्याच अटीवर द्या, विकू नका. तुरीचं बी मात्र परत घेताना मर लागलेल्या शेतातलं घेऊ नका. ऑगस्टमध्ये शेतात जाऊन निरोगी ठोंब्यांना चिंध्या बांधा, त्यांच्याच शेंगा बियाला ठेवा.

लिलोंग्वेकर

आणि उंदीर धरणाऱ्या पोरांना विसरू नका. कोरड्या महिन्यांत उंदरांसाठी शिवार पेटवतात, मक्याचा पालापाचोळा त्यातच जातो आणि उभी तूरही. शेळ्यांच्या ठरावात आगीचं कलम घाला, गावप्रमुखाकडे दोनदा जायला नको.